पाठकोरे कागद

सुनेने विचारण्याची तसदीसुद्धा घेतली नाही. लेकाला जाऊन महिना होतोय तोच त्याची दवाखान्याची जाडजूड फाइल उचलून तिने शाळेत नेली. ती शिकवत होती त्या वर्गात सासूबाई तरातरा शिरल्या. अवकाशाच्या धड्यासाठी मुलं त्याचे पाठकोरे रिपोर्ट गुंडाळून रॉकेटं करत होती. नळीने फुंकली की ती हातभर उडून खाली पडत.

"दोन वर्षं जपलीये मी ती फाइल."

"मला ती घरात बघवत नाही, आई."

सासूबाईंनी भांडायला तोंड उघडलं, पण राग येईचना. त्या बाकावर टेकल्या. पायाशी पडलेलं रॉकेट उलगडून त्यांनी पुन्हा गच्च वळलं.

"मास्तरीण म्हणवतेस आणि इतकं सैल वळतेस? पडणारच ते. आण उरलेले कागद इकडे."