विलायतेचा अर्ज
नवघरच्या मिठावर विलायतेत जाऊन संशोधन करायचं म्हणून द्वारकीच्या नवऱ्याने शिष्यवृत्तीचा अर्ज लिहिला. जेवतानाही त्याने तो मांडीखाली दडवून ठेवला, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. तो मिठागरावर जाताच तिने अर्ज शोधून पदराखाली लपवला आणि खारीतल्या, खाडीलगतच्या वस्तीतल्या, मॅबेल मास्तरीणबाईंकडून वाचून घेतला. बाई एका ओळीवर थबकल्या. “इथं ‘अविवाहित’ लिहिलंय गं.” नवरा परतला तेव्हा द्वारकी अर्ज घेऊन उंबऱ्यात उभी होती. “नियमच तसा आहे,” तो म्हणाला. “लग्न झालेल्यांना पाठवत नाहीत. नुसता कागद आहे.” “मग मलाबी नुसता कागद लिवून द्या,” ती म्हणाली, “की द्वारकी माझी बायको हाय नि परत आल्यावरबी ऱ्हाईल.” त्याने टाक दौतीत बुडवला, पण टोकावरची शाई वाळली तरी कागदावर एक अक्षर उमटलं नाही. द्वारकीने अर्ज पेटीत टाकला, कुलूप घातलं, किल्ली कनवटीला लावली.