लहान मुलांचं ताट

"तलावाकाठचं की किल्ल्यातलं?" वेंडेलने विचारलं.

थीम पार्कमधल्या हॉटेलच्या काउंटरवर दोन मेनूकार्डं उघडी होती. दोन्ही स्टेकहाउसं, आणि दोन्हीकडे गुरुवारी संध्याकाळचं एकेकच टेबल उरलं होतं.

"तलावाकाठचं," डेलिया म्हणाली. तिथे लाकडी मुठीची सुरी देतात, हे तिने ओहायोहून निघायच्या आधीच शोधून ठेवलं होतं. गुरुवारी तिचा वाढदिवस होता, अकरावा. समोर डॅड बसलाय आणि आपण आपला स्वतःचा स्टेक आपल्या हाताने कापतोय, एवढंच तिला या सुट्टीकडून हवं होतं. पाळणे काय, जत्रेतही असतात.

"आणि जेवणाचा प्लॅन?" काउंटरवरच्या बाईने विचारलं. "दहा पूर्ण झाली की मोठ्यांचा, दहाच्या आत मुलांचा. मुलांच्या प्लॅनवर सगळीकडे मुलांचंच ताट मिळतं, आधीच सांगते. मुलीचं वय?"

"येत्या गुरुवारी नऊ पूर्ण," वेंडेल म्हणाला.

डेलियाने चमकून वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. खोटं बोलावं तर असं. वाढदिवस खरा, आकडा तेवढा खोटा.

'तुझा बाप एक नंबरचा कवडीचुंबक,' आई नेहमी म्हणायची. डेलियाला ते पटायचं नाही. आज पटलं, आणि स्टेक गेला म्हणून रागही आला. अंगाने ती आईसारखी चणीने लहान, त्यामुळे हे खपणार होतंच.

लिफ्टमध्ये तिने त्याला डोळा मारला.

"डोळ्यात काही गेलं का गं, चिमणे?" त्याने लगेच रुमाल काढला. मागे आणखी एक कुटुंब उभं होतं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. माणूस पक्का निघाला की.

तिचा राग तिथेच उतरला. घटस्फोटानंतर तो दूर तुल्साला गेला होता. मधले सगळे उन्हाळे फोनवर गेले, आणि फोनवर दोघं आपापल्या गावच्या हवेबद्दल बोलायचे. दोघांचं असं काही उरलंच नव्हतं. आता निदान एक खोटं होतं, आणि ते आईलाही माहीत नव्हतं. एका स्टेकच्या बदल्यात सौदा वाईट नव्हता.

मग तिने कसर ठेवली नाही. स्विमिंग पूलवर त्याने बॅगेतून पोहता न येणाऱ्या पोरांचे फुगवायचे दंडपट्टे काढले. शाळेच्या पोहण्याच्या संघातली ही पोरगी, तरी तिने ते निमूट चढवले आणि पाण्यात हातपाय झाडले. त्याने तिच्यासाठी सशाचं चित्र असलेला टीशर्ट आणला होता. तो काखेत काचत होता, तरी तिने दोन दिवस अंगावरून काढला नाही. रस्ता ओलांडताना तो हात धरायचा, आणि ते मात्र तिला खरंच आवडायचं.

गुरुवारी तलावाकाठच्या टेबलावर मारिसोल नावाची वेट्रेस आली. तिने डेलियासमोर रंगीत खडू आणि चित्र रंगवायचा कागद ठेवला.

"आज नऊची झाली," वेंडेल कौतुकाने म्हणाला.

मारिसोलने डेलियाकडे जरा निरखून पाहिलं. "आमच्या या गावात दहा वर्षं कुणाची पूर्ण होतच नाहीत, साहेब. परवा एक नऊ वर्षांचा आला होता, त्याला मिसरूड फुटली होती."

वेंडेल मनापासून हसला. "पोरांसमोर खोटं बोलतात. लाज कशी वाटत नाही लोकांना?"

डेलियाला हसू दाबताना दुधाचा ठसका लागला.

त्याच्यासमोर स्टेक आला, कडेने करपलेला, आत गुलाबी. तिच्यासमोर चीज घातलेली मॅकरोनी आली. तिने सुरीकडे हात नेला, तेवढ्यात त्याने ती अलगद बाजूला सरकवली.

"धार असते गं तिला."

"एक घास तरी दे."

त्याने पाखराला घालावेत तसे बारीक तुकडे करून तिच्या ताटाच्या कडेला ठेवले. तिला वाईट वाटलं. मारिसोल तर केव्हाच आत गेली होती, एवढ्याने काय बिघडलं असतं? पण शेजारच्या टेबलावर माणसं होती, म्हणून तिने ते गिळलं. नवाचा आकडा खोचलेला केक आला. सगळ्यांनी गाणं म्हटलं, आणि तिने नऊ वर्षांच्या मुलीसारखे गाल फुगवून मेणबत्ती विझवली.

परतताना तलावाच्या वाटेवर चिटपाखरूही नव्हतं. अजून उजेड होता. सबंध आठवडा तिने याच क्षणाची वाट पाहिली होती. आता दोघं पोट धरून हसणार होते. मारिसोलचा चेहरा, ते दंडपट्टे, तो काचणारा ससा.

"डॅड," ती म्हणाली, "आता कुणी नाहीये."

"हं?"

"इथे कुणी ऐकत नाहीये. आता बोल की."

वेंडेल थांबला. तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले. लहान मुलांशी बोलायला बसतात तसा तो बसला खरा, पण त्यामुळे त्याचं तोंड तिच्या हनुवटीच्याही खाली गेलं आणि त्याला मान वर करून बोलावं लागलं.

"कळलं होतं मला, चिमणे. त्या स्टेककडे कशी बघत होतीस तू." त्याचे डोळे भरून आले होते. "पुढच्या वर्षी दहाची झालीस ना, की इथेच येऊ. तुझा स्वतःचा स्टेक, सुरीसकट. शब्द देतो."