आधी सेल

आमच्या यांनी घरी बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर गाता गाता बंद पडला. नातीने तो उघडला, मी टॉर्च धरला. प्लग काढला, तरी आतला कपॅसिटर जीवघेणी वीज धरून बसतो. तिने मीटर लावला. पडद्यावर नुसती शून्यं. “आजी, हा व्होल्टचा लाखावा भागसुद्धा दाखवतो. आत काही नाही.” तिची बोटं पुढे सरकली. “थांब. आधी सेल.” “झालं, तुझ्या तोंडून आजोबा बोलले.” “हात मागे घे म्हणते ना.” हे हयातभर चांगल्या सेलवर मीटर तपासायचे, मगच हात घालायचे. सेलने शर्टांचे खिसे लोंबायचे, मी कुरकुरायचे. मी पेटत्या टॉर्चमधला सेल काढून दिला. तिने हसत मीटर लावला. पुन्हा तीच शून्यं. मीटरची वायरच तुटली होती. कपॅसिटरच्या दोन्ही टोकांवर तिने प्लॅस्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर टेकवताच ठिणगी कडाडली. तिने सेल खिशात टाकला. आज मी कुरकुरले नाही.