लांब्याची बॅग

बॅग माळ्यावरून मावशींनी स्वतःच खाली उतरवली. शिडीवर गुडघ्यांनी दोनदा बोंब मारली, पण हे काम दुसऱ्या कुणाला सांगायचं नव्हतं. खाली बाकावर, ज्याची बॅग त्या मुलाचे वडील बसले होते, पायातले बूटही न काढता. बसचे ड्रायव्हर. दोन दिवसांची रजा, त्यातला एक येण्यातच गेलेला. चारची लाँच गाठायची होती.

"आधी चहा घ्या."

"नको. बॅग बघू द्या."

मावशींच्या लॉजवर किनाऱ्याकिनाऱ्यानं भटकणारी पोरं उतरायची. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तशातली. पुढची बेटं बघायला निघाली की मोठी बॅग मावशींकडे टाकायची आणि एवढीशी पिशवी घेऊन पळायची. मागे राहिलेल्या बॅगेतले मळके कपडे धुऊन घड्या घालून ठेवायचे, हा मावशींचा नेम. त्याचे वेगळे पैसे नाहीत. "समुद्राची हवा मेली कपडे कुजवते," म्हणायच्या. परत आलेली पोरं त्या घड्या बघून गळ्यात पडायची, तेव्हा मावशींच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

हा त्यांच्यातलाच एक. नऊ दिवस राहिला. दारातून वाकून आत यायचा म्हणून मावशींनी त्याचं नाव लांब्या ठेवलं होतं. "चार दिवसांत येतो, मावशी. माझी खोली कुणाला देऊ नका," म्हणून गेला. शेवटच्या बेटावर पोहायला उतरला आणि पाण्याच्या ओढीनं आत खेचला गेला. तिसऱ्या दिवशी सापडला, तो तिकडूनच परस्पर आपल्या गावी गेला, पेटीतून. बॅग कुणाच्या लक्षातच आली नाही. तो गेल्यावर आठवडाभर पाण्याची बोंब होती म्हणून मावशींनी धुणं काढलं नव्हतं, आणि बातमी आल्यावर बॅगेला हात लावायचा धीर झाला नाही. महिनाभर ती माळ्यावर तशीच पडून होती. परवा वडिलांचा फोन आला, न्यायला येतोय म्हणून. तेव्हा मात्र त्यांनी मन घट्ट केलं आणि बॅग उघडली, मग परत वर ठेवली.

वडिलांनी चेन ओढली. घडीवर घडी. वरचा निळा शर्ट त्यांनी दोन्ही हातांनी उचलला, तोंडाशी नेला आणि तसेच थांबले. रडतायत, मावशींना वाटलं. बिचाऱ्यांना रडू द्यावं म्हणून त्या खिडकीकडे वळल्या.

"धुतलेत?"

"धुतले तर!" मावशी परत वळल्या. "परवा दिवसभर तेच केलं. मोजेसुद्धा सोडले नाहीत. बापाच्या हातात पोराचे मळके कपडे कसे द्यायचे हो?"

त्यांनी निळा शर्ट मांडीवर ठेवला. दुसरा शर्ट हुंगला. टॉवेल हुंगला. मग बॅगेच्या तळाशी कोपरापर्यंत हात घालून कोपरे चाचपत राहिले.

"एखादं राहिलंय का, न धुतलेलं? काहीही चालेल. रुमाल असला तरी."

"नाही हो. पण का?"

"त्याच्या आईनं सांगितलं होतं. तो निघाला त्याच दिवशी हिनं घरातलं त्याचं सगळं धुऊन काढलं, चादरीसकट. परत येईल तेव्हा कपाट स्वच्छ असावं म्हणून." त्यांनी शर्टाची घडी पुन्हा जशीच्या तशी घातली. "म्हणाली, बॅग उघडू नका. प्लास्टिकमध्ये बांधून आणा. त्याचा वास असेल आत. मलाच धीर धरवला नाही."

मावशींनी आपल्या हातांकडे बघितलं. "झडले का नाहीत माझे मेलीचे हात!"

"तुमची काय चूक? मीच फोनवर सांगायला हवं होतं. लाज वाटली."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. जुना फोन, पलीकडचं सगळं खोलीभर ऐकू येत होतं.

"मिळाली का हो?"

"मिळाली."

"उघडली नाही ना?"

त्यांनी मावशींकडे बघितलं. खोटं बोलता आलं असतं, पण घरी गेल्यावर ती पहिला शर्ट नाकाला लावणार होती.

"धुतलेत गं सगळे. या मावशींनी. मायेनं धुतलेत."

"त्यांना द्या फोन."

चार शिव्या ऐकायच्या तयारीनं मावशींनी फोन घेतला. "ताई, चुकलं माझं."

"तिथे होता तेव्हा त्याचे कपडे कोण धुवायचं?"

"मीच. एक दिवसाआड."

"जाताना अंगात होता तो शर्ट?"

"पिवळा टीशर्ट. तोही मीच धुतलेला. धड वाळला नव्हता, तसाच चढवून पळाला. मी ओरडले पण त्याच्यावर."

पलीकडे त्या बाईनं श्वास घेतला. "म्हणजे शेवटी त्याच्या अंगाला तुमच्या साबणाचा वास होता."

मावशींनी फोन कानाशी आणखी दाबला.

"तीच वडी आहे का हो अजून? त्याच्या कपड्यांची? असेल तर यांच्याजवळ द्या. नवी नको."

महिना झाला होता. त्या वडीमागून आणखी तीन झिजून गेल्या होत्या.

"आहे," मावशी म्हणाल्या. "आहे ना. देते हं त्यांच्याजवळ."

फोन परत देऊन त्या मागच्या दारी गेल्या. फळीवरून साबणाची नवी वडी काढली, कागद फाडला. वर उठावाची अक्षरं होती. धुण्याच्या दगडावर पाणी ओतून त्या वडी घासायला लागल्या, दोन्ही हातांनी, भराभर. वडील दारात येऊन उभे राहिले. धक्क्यावर लाँचचा पहिला भोंगा झाला.

ते म्हणाले, "होऊ द्या सावकाश. अजून अक्षरं दिसतायत."