धूर

अभयारण्य बघायला आलेली रेवती आणि तिचा नवरा डोळखांबच्या वरच्या पाड्यात शिरले.

"किती गोड गाव आहे रे!" रेवती हरखली. सगळ्या घरांच्या कौलांतून धूर निघत होता. नवऱ्याने पटापट फोटो काढले.

तेवढ्यात एक म्हातारी फुंकणी घेऊन एका घरातून बाहेर आली आणि धापा टाकत शेजारच्या घरात शिरली. मग तिसऱ्यात. रेवतीने आत डोकावलं. चूल पेटलेली होती, तिच्यावर भांडंच नव्हतं.

"आजी, बाकीची माणसं कुठे गेली?"

"वीटभट्टीवर. पावसाच्या तोंडावर येतील."

"मग या चुली कोणासाठी?"

"जंगलखात्याच्या सायबांसाठी. पाडा ओस पडलाय का, ते बघाया आज येनार हायत. ओस दिसला तर घरं पाडतील."

खालच्या वळणावर जीपचा आवाज आला. म्हातारीने रेवतीचं मनगट घट्ट धरलं.

"धूर केला गो बाय, पन माणसांचा आवाज मी एकटी कुठून आणू? तू हितं बस. नवऱ्याला त्या घरात बसव. त्याला म्हणावं, जरा खोकत ऱ्हा."