सासूची खिडकी

नाताळच्या सुट्टीत देवाजीची सासू भागीरथाबाई राहायला आली, ती जायचं नावच घेईना. त्यातच गावाशेजारी वाघ फिरू लागला आणि देवाजीला वाघात देव दिसला. बायको दिव्यानी वडशाला नाटक पाहायला गेली, तशी त्याने सासूच्या खोलीत शेगडी ठेवून खिडकी सताड उघडली.

"कोळशाचा धूर जीव घेते, बाई. दवाखान्यातल्या आशाताईनं सांगतलं, खिडकी उघडीच ठेवा."

"अन् तुमची?"

"मले थंडी सोसत नाई."

आपल्या खोलीच्या फटीसुद्धा त्याने चिंध्यांनी बुजवल्या, दुसरी शेगडी उशाशी घेतली आणि कान टवकारून पडला.

सकाळी परतलेली दिव्यानी त्याचं दार ठोकून थकली. अंगणात येऊन गेलेल्या वाघाच्या ठशांवर शेणाचा सडा टाकत सासू म्हणाली, "झोपू दे जवायाले. रातभर वाघाची वाट पाहून दमला असन."