छोटी काच

नवा घरजावई सासऱ्यांच्या घरात राहायचा आणि सासऱ्यांच्याच छापखान्यात काम करायचा. दिवसभर त्यांच्या सूचना ऐकून त्याचा जीव मेटाकुटीला यायचा. जाता-येता मोटरसायकलवर मागेही तेच बसायचे, पण वाऱ्यामुळे त्यांचं बोलणं ऐकू यायचं नाही. तेवढाच काय तो त्याला मोकळा श्वास.

"जावईबापू, गाडीला पुढे काच लावून घ्या. बोललेलं ऐकू तरी येईल," सासरे एक दिवस म्हणाले.

दुकानदाराने दोन काचा पुढ्यात ठेवल्या. "मोठी घ्या. मागच्याशी निवांत गप्पा मारता येतील. छोटीने फक्त छातीवरचा वारा अडतो, कानाशी आवाज तसाच."

"छोटीच बसवा," जावई घाईने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा "हो बाबा, हो बाबा" करत निघाला. सिग्नलला गाडी थांबली, तरी सासरे मागे हळू आवाजात बोलतच होते.

"...घर काय, छापखाना काय, सगळं तुमच्या सासूबाईंच्या माहेरचं. मीही घरजावईच. दिवसभर तुम्हाला सांगतो, ते त्यांचेच निरोप असतात. माझं स्वतःचं बोलायला एवढा रस्ताच आहे, जावईबापू. ऐकताय ना?"

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढे गेल्या. जावयाने गाडी कडेला घेतली आणि चालण्याच्या वेगाने हाकायला लागला.

"बोला बाबा," तो म्हणाला.